अंग जास्त

मानखुर्दला, दुसऱ्या मजल्यावरच्या खोलीत
एसी सोळावर अडकलाय. रिमोट कुणाकडे, ठाऊक नाही.
म्हणून भर मे महिन्यात शाल पांघरून
आम्ही बर्फावरची उत्तरं तपासतो.

प्रश्न अकरावा, इयत्ता आठवी.
सारख्या वजनाचे बर्फाचे दोन तुकडे,
एक अख्खा, एक फोडलेला.
आधी कोणता वितळेल? कारण द्या.
मूळ प्रश्नात सहलीला निघालेलं एक कुटुंब होतं,
सरबताचा जग होता;
भाषांतर समितीने दोन बैठका घेऊन
कुटुंब वगळलं, बर्फ ठेवला.

मार्गदर्शिका सांगते:
पृष्ठफळाचा उल्लेख, किंवा त्या अर्थाचे शब्द – संकेतांक दहा.
‘लहान असतो म्हणून’ – सत्तर.
इतर चुकीची उत्तरं – एकोणऐंशी.
कोरं – नव्व्याण्णव.
कोऱ्याला सगळ्यात मोठा आकडा,
याचं पहिले दोन दिवस मला हसू यायचं.

पुस्तिका चार-शून्य-सात-दोन. नाव नसतंच.
बोथट पेन्सिल, एक ओळ खोडलेली:
‘फोडलेला आधी. कारन त्याला आंग जास्त.
भाऊच्या धक्क्यावर पप्पा बर्फ फोडतात
तो वितळायलाच फोडतात.
अख्खा ठेवला तर मासा एकीकडूनच थंड होतो.’

मी दहा दिला. लगेच.
पलीकडच्या टेबलावर तुस्कानो सर,
वसईचे, तीस वर्षं विज्ञान शिकवून निवृत्त,
प्रत्येक उत्तराआधी चष्मा पुसणारे –
त्यांनी, मला दिसू नये अशा त्यांच्या कागदावर,
एकोणऐंशी.

संगणकाने मतभेद पकडला.
सरपोतदार बाईंनी दोघांना बोलावलं.
सर म्हणाले, अंग म्हणजे शरीर. अंग म्हणजे बाजू.
भाजीला अंगचं पाणी सुटतं, तेही अंगच.
यातलं कुठलं, हे मुलाने सांगितलेलं नाही,
आणि त्याच्या वतीने आपण बोलायचं नाही.
मी म्हटलं, पृष्ठफळ लिहिणाऱ्या दोनशे जणांनी तरी
पृष्ठफळ म्हणजे काय ते कुठे सांगितलंय?
सरांनी चष्मा पुसला.

पुढच्या गुरुवारी फेरतपासणी.
जुन्याच पुस्तिका, पत्त्यांसारख्या पिसलेल्या.
मधल्या रात्री माझा डोळा लागला नव्हता:
कुठल्याशा देशात, आपल्यासारख्याच एका खोलीत,
कुणी ‘त्याला शरीर जास्त’ असं लिहिलं असेल
आणि माझ्यासारख्याच एका बाईने
नाइलाजाने शून्य दिलं असेल,
तर मी माझ्या पोराला झुकतं माप कसं देऊ?
माझा पोरगा. बघा, मी त्याला पोरगा ठरवूनही टाकलं.
मी एकोणऐंशी लिहिलं.

सर रविवारी सुरमई आणायला धक्क्यावर गेले होते.
तिथे काय पाहिलं ते बोलले नाहीत.
त्यांनी दहा लिहिला.

पुन्हा मतभेद. एकवाक्यतेची टक्केवारी
दशांशसुद्धा हलली नाही.
सरपोतदार बाई इतक्या हसल्या
की त्यांचा चहा तक्त्यावर सांडला,
बरोबर त्या रकान्यावर, जिथे देश
एकाखाली एक लावायचे असतात.

मग निवाड्यासाठी परदेशी मुख्यालयाला विचारलं.
तीन दिवसांनी उत्तर, अदबीचं, एका ओळीचं:
कृपया ‘अंग’ या शब्दाचा अर्थ स्पष्ट करावा.

पहिल्या मसुद्यात आम्ही शरीर लिहिलं, खोडलं.
दुसऱ्यात त्वचा. बाई म्हणाल्या, बर्फाला त्वचा?
तिसऱ्यात ‘उघडी बाजू’,
ते सरांना भिंतीच्या जाहिरातीसारखं वाटलं.
चार वाजले. बोटं गारठलेली.
सर म्हणाले, शब्द राहू दे,
आधी फोडून तर बघू, किती वर्षांत फोडला नाही.

खाली कँटीनवाल्याकडे बर्फ आहे का
ते विचारायला मी उठले,
शाल खुर्चीवर टाकून.